उण्याकडे एक जास्त

नौपाड्यात भाजी घेताना सर आधी रिकामा काटा बघायचे. काटा इलेक्ट्रॉनिक, समोर लाल आकड्यांत शून्य दिसतंय, तरीसुद्धा. "ते राहू दे. पारडं उचल, परत ठेव, मग शून्य येतं का बघू." पाव किलो भेंडीसाठी एवढं सगळं! भाजीवाली त्यांना ओळखून होती. सर कोपऱ्यावर दिसले की ती शेजारणीला ओरडून सांगायची, "आला गं, शून्यवाला आला!" आणि शेजारीण हसत हसत आपला काटा रिकामा करून ठेवायची. मागे चार बायका खोळंबलेल्या असायच्या आणि मी सरांच्या बाजूला लाजेनं मरत उभी असायचे.

सर म्हणजे आमच्या ऑफिसातले सर. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, कधी शिकवलंही नव्हतं, पण सगळे त्यांना सरच म्हणायचे. साठीला टेकलेले, रोज मोहन्याहून यायचे. खिशाला दोन पेनं, आणि पौर्णिमेला पांढराशुभ्र शर्ट, कारण त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर विहारात जायचं असायचं. ऑफिस म्हणजे नौपाड्यातल्याच एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. स्टेजच्या मागे मोठाल्या एलईडीच्या भिंती असतात ना, गाणं लागलं की ज्यांच्यावर रंग उसळतात आणि पट्ट्या वरखाली नाचतात, ते काम आमचं. "गाणं आत, चित्र बाहेर," असं आमचे बॉस गिऱ्हाइकाला सांगायचे. आत आणि बाहेरच्या मधलं जे काय असतं ते मी आणि सर बघायचो.

मी मुळात घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून दोनदा परत जाणारी. त्यात नोकरी नवीन. पहिलंच काम मिळालं ते साध्या पट्ट्यांचं: गाणं मोठ्यानं वाजलं की पट्टी उंच, हळू वाजलं की बुटकी. मी गाण्याच्या फाइलीतले आकडे वाचले, हजार हजार आकड्यांची सरासरी काढली, तीच पट्टीची उंची धरली. आणि पट्ट्या काही उठेनात. स्पीकरवर ढोल बडवताहेत आणि स्क्रीनवर सगळ्या पट्ट्या जमिनीला चिकटलेल्या. तीन दिवस मी ते कुणाला दाखवलं नाही. बॉस बाजूनं गेले की दुसरीच खिडकी उघडायचे. रात्री घरी जेवण जायचं नाही. चौथ्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले.

"शून्य कुठंय?" त्यांनी विचारलं.

"काय, सर?"

"काहीच वाजत नाही तेव्हा तुझ्या फाइलीत कोणता आकडा येतो?"

"शून्य."

"आणि वाजायला लागल्यावर? उघड. आकडे उघड, चित्र नको."

मी आकडे उघडले. बारा. दोनशे चाळीस. हजार. मग उतरत उतरत पुन्हा शून्याशी, आणि मग उणे दोनशे, उणे हजार. सरांनी माझ्या टेबलावरच्या जुन्या स्पीकरची जाळी काढली आणि माझं बोट धरून आतल्या काळ्या पडद्यावर ठेवलं. पडदा बोटाखाली थरथरत होता.

"पुढे आला की अधिक. मागे गेला की उणे. जेवढा पुढे, तेवढाच मागे. एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर वेळा तो कुठे आहे ते मोजलं, एकेक मोजणी म्हणजे एक नमुना, की झाली तुझी फाइल. दुसरं काही नाही त्यात. आणि तू केलंस काय, पुढचे नि मागचे सगळे मिळवलेस. येणार काय? गाणं कितीही बोंबलू दे, शून्यच येणार."

"मग उणेवाले काढून टाकू का, सर?"

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्याबद्दलच काहीतरी वाईट बोलले. "का? त्यांनी काय केलंय? उणे म्हणजे कमी नव्हे गं. शून्याच्या पलीकडे, तेवढंच." मग खुर्ची ओढून बसले आणि पाठकोऱ्या कागदावर दोन आकडे लिहिले. वर जास्तीत जास्त बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. खाली जास्तीत जास्त उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. "बघ," म्हणाले, "उण्याकडे एक जास्तच दिलाय." शून्याला वरच्या बाजूच्या मोजणीत धरतात म्हणून तसं होतं, हे मला कॉलेजात शिकवलेलं. पण सरांना त्या एकाचा इतका आनंद व्हायचा, दुकानदारानं वरती एक बिस्किट दिल्यासारखा. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगायचे. खालच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही एकदा जिन्यात अडवून सांगितलेलं.

मग त्यांनी मला आकड्यांचे वर्ग करायला लावले, म्हणजे उणे-अधिक दोन्ही एका मापात येतात, मग सरासरी, मग वर्गमूळ. पट्ट्या उसळल्या. मला रडूच आलं. "तीन दिवस का बसलीस एकटी?" असं मात्र ते मला फार वेळा बोलत राहिले.

त्या दिवशी त्यांनी डबा खाताना मला एक गोष्ट सांगितली. ते तरुणपणी एका लहानशा कारखान्यात यंत्रांची थरथर मोजायचे. एका यंत्राचे आकडे असेच पुढेमागे येत होते. सरांनी सरासरी काढली, शून्य आलं, आणि वहीत लिहिलं: थरथर नाही. पुढच्या आठवड्यात त्या यंत्राचा एक भाग सुटून आला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाची दोन बोटं गेली. "माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं," सर म्हणाले, "थरथर नाही." डब्यातली पोळी तशीच राहिली. मी त्यांना माझ्यातलं लोणचं वाढलं.

त्यानंतर मला त्यांचा वेडेपणा निदान कुठून येतो ते तरी कळलं. त्यांना बेरजेची भीती वाटायची. कानात नेहमी एकच इअरफोन, दुसरा छातीवर लोंबत. आधी गाण्याची डावी बाजू पूर्ण ऐकायची, मग उजवी. "दोन्ही एकदम घेतल्या की मेंदू बेरीज करतो," म्हणायचे. बॉस चिडायचे, तीन मिनिटांच्या गाण्याला सहा मिनिटं कशाला? मीटिंगमध्ये दोन माणसं एकदम बोलायला लागली की सर हात वर करायचे, "एकेक बाजू, एकेक बाजू." त्यांना कुठलंही नवीन गाणं दिलं की ते आधी त्याचे सुरुवातीचे आकडे कागदावर छापून घ्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचायचे. उणे बारा, उणे सात, दोन, अकरा. आकडे चढले की आवाज चढायचा, उतरले की उतरायचा. खालून दवाखान्यातल्या ड्रिलचा आवाज आणि वर हे.

एकदा बॉस कुणाला तरी फोनवर सांगत होते, "आमच्याकडे एक नमुना आहे, विचारू नका!" सर तिथेच होते. सर शांतपणे म्हणाले, "एकच? सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर लागतात. एका नमुन्यावरून गाणं कळत नाही." आणि परत कागदात डोकं घातलं.

आता सोनलबद्दल सांगायला हवं. सोनल माझी धाकटी बहीण, तेव्हा दहावीत. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कल्याणच्या एका मूकबधिर मुलांच्या शाळेत होती. आम्ही कोपरला राहतो, आत्या आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर. आत्या वाईट नाही हां. सोनलला वाढवण्यात तिचा आईइतकाच हात आहे. पण कुणी पाहुणा आला, सोनलची चित्रं बघितली, कौतुक केलं, की आत्या उसासा टाकायची, "बाकी सगळं छान हो, एवढं एक उणं." सोनल ओठ वाचते. हे वाक्य तर तिला बाजूनं बघूनही वाचता यायचं.

दर वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली नाचायच्या. स्टेजखाली त्यांच्या बाई उभ्या राहून हातानं ताल द्यायच्या, आणि मुलींचे डोळे पूर्ण वेळ बाईंच्या हातावर. त्या वर्षी सोनल पुढे नाचणार होती, मागे दहा जणी. एक दिवस ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हातांनी म्हणाली, "मला बाईंचे हात बघून नाही नाचायचं. सगळे गाणं ऐकून नाचतात ना? मला गाणं बघून नाचायचंय. तुझं कामच आहे ना ते?"

मी हो म्हणाले. आधी हो म्हणाले आणि मग घाबरले, हे नेहमीचं. लग्नात पट्टी जरा मागेपुढे झाली तर कोण बघतंय? इथे अकरा मुली त्या चित्राच्या भरवशावर पाय उचलणार. चित्र गेलं तर त्यांचं गाणंच गेलं. शाळेच्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "करू या. पण मी पहिल्या रांगेत बसते. काही झालं तर उठते." सोनलनं ते ओठांवरून वाचलं आणि तिचं तोंड पडलं. बाई उठल्या की ती हरली, असं तिनं मनाशी धरून टाकलेलं.

सरांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भिंत कुठे लावणार?" मी म्हटलं, स्टेजवर, मागे. "मग मुली नाचताना पाठीनं बघणार का?" हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं! शेवटी असं ठरलं की भिंत हॉलच्या मागच्या टोकाला, प्रेक्षकांच्याही मागे, स्टेजकडे तोंड करून लावायची. ती फक्त मुलींना दिसेल. त्या आठवड्यात आमचं बुकिंग नव्हतं, बॉसनी भिंत दिली, वर म्हणाले, "उलटी भिंत! धंद्यात पहिल्यांदाच."

गाणं शाळेच्याच एका बाईंनी लिहिलेलं. एक आवाज आणि एक हलगी, फोनवर रेकॉर्ड केलेलं, त्यामुळे डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी. सरांनी त्याचा पहिला सेकंद छापून घेतला, शंभराच्या वर पाठकोरे कागद लागले, आणि ते एका सेकंदाचं वाचन सव्वा महिना चाललं. "हलगीचा ठोका अधिकात सुरू होतो," त्यांनी मला एक दिवस येऊन सांगितलं. मी म्हटलं, बरं. मला त्याचं काय करायचं होतं? मी घरी लॅपटॉपवर सोनलला गाणं दाखवत होते. ठोका म्हणजे खालून उसळणारं लाल वर्तुळ, आवाज म्हणजे निळी रेघ. तिनं गाण्यातल्या जागांना नावं दिली. सुरुवातीचा डोंगर, मग खड्डा, मग पायऱ्या, जिथे हलगी चार-चार ठोक्यांनी चढत जाते. तीच नावं तिनं मागच्या दहा जणींनाही शिकवली. आठवड्याभरात तिचं गाणं पाठ झालं. मी मुद्दाम मधूनच लावून द्यायचे, ती बघताक्षणी सांगायची, खड्डा. पायऱ्या.

संमेलनाच्या दोन दिवस आधी सरांनी विचारलं, "दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघितल्यास ना? बेरीज नाही ना केलीस?"

मी म्हणाले, "बघितल्या, सर."

खोटं बोलले. माझ्या प्रोग्रॅममध्ये डावी अधिक उजवी, भागिले दोन, असंच होतं. सगळेच तसं करतात. दोन्ही बाजू सारख्याच आहेत तर फरक काय पडणार, असं मला वाटलं, आणि सरांचं एकेक बाजू पुराण ऐकायला वेळ नव्हता.

संमेलन दुपारी चारला, डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये. सकाळची तालीम मी लॅपटॉपमधल्या फाइलीवरून केली, झकास झाली. पण प्रत्यक्ष कार्यक्रमात गाणं हॉलचा साउंडवाला लावणार होता, म्हणून त्याच्या मिक्सरमधून मला दोन केबल घ्यायच्या होत्या, एक डावी, एक उजवी. त्या त्यानं आणून दिल्या तेव्हा पाहुण्यांचं भाषण चालू झालेलं. "टेन्शन नका घेऊ मॅडम, चालू आहे सगळं," असं म्हणून तो गेला. मी मागे भिंतीखाली लॅपटॉप घेऊन बसलेले, शेजारी सर.

पाहुणे माइकवर बोलत होते आणि भिंत काळी होती.

"भिंत का गप्प आहे?" सर म्हणाले. "माणूस बोलतोय ना?"

"माइक आपल्याकडे जोडला नसेल, सर. गाणं लागलं की येईल."

"विचारलंस त्याला?"

"सर, प्लीज."

त्यांचा पाय हलायला लागला. पाहुणे संपले, अध्यक्ष उठले. भिंत काळीच. मला उठून जाऊन साउंडवाल्याला विचारता आलं असतं. पन्नास पावलं होती. मी नाही गेले. विचारलं आणि काही बिघडलेलं निघालं तर काय, या भीतीनं मी तशीच बसून राहिले. माझी भीती ही अशी आहे. ती मला काही करू देत नाही, नुसती छातीवर बसते.

पडदा उघडला. अकरा मुली, हिरव्या साड्या, सोनल पुढे. हात वर केलेले, नजर सरळ आमच्या भिंतीवर. गाणं सुरू झालं. सगळ्या हॉलनं ऐकलं. हलगी कडकडली. आणि भिंतीवर काही नाही. अंधार.

सोनल हलली नाही. तिला कसं कळणार सुरू झालंय ते? तिच्यासाठी झालंच नव्हतं. मागच्या दहा जणी तिच्याकडे बघत उभ्या. गाणं चाललंय आणि पोरी पुतळ्यासारख्या उभ्या. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आमच्या पुढच्याच रांगेत कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही ना बिचाऱ्यांना." पहिल्या रांगेतून बाई उठल्या. मला मागून दिसलं, त्यांनी हात वर केला. आणि सोनलनं त्यांच्याकडे न बघता मान हलवली. नाही. तिची नजर भिंतीवरच. माझ्यावर.

मी कुठलीही बटणं दाबत होते, प्रोग्रॅम बंद करून चालू करत होते. सरांनी माझा हात धरून बाजूला केला.

"शून्य कुठंय?"

"सर, आत्ता नको हो!"

"आकडे उघड. दोन्ही बाजू. वेगळ्या."

मी उघडले. दोन ओळी शेजारी शेजारी पळायला लागल्या. सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाचलं, जेवणाच्या सुट्टीतल्यासारखंच, मोठ्यानं: "आठ हजार एकशे तेवीस. उणे आठ हजार एकशे तेवीस. दोन हजार चाळीस. उणे दोन हजार चाळीस." माझ्याकडे वळून बघितलं. "बेरीज केलीस?"

"हो."

एका केबलची टोकं आत उलटी जोडलेली होती. त्यामुळे एक बाजू पुढे तर दुसरी नेमकी तेवढीच मागे. मी दोघांना मिळवत होते आणि गाणं अगदी पूर्ण, स्वच्छ शून्य होत होतं. हॉलच्या स्पीकरमध्ये तसं होत नव्हतं, तिकडच्या वायरी वेगळ्या होत्या. सगळ्यांना ऐकू येत होतं. फक्त त्या अकरा जणींसाठी मी ते पुसून टाकलेलं.

सर वाकले आणि एक केबल उपटली.

भिंत पेटली. सगळं अर्ध्या उंचीचं, कारण आता अर्धाच आवाज येत होता आणि मी दोनानं भागतच होते. लाल वर्तुळं लिंबाएवढी, निळी रेघ बारीक. मला वाटलं, एवढ्या लांबून तिला काय दिसणार! सोनलनं मान पुढे काढली, डोळे बारीक केले. एक ठोका बघितला, दुसरा बघितला. मग तिचा डावा हात मागच्या मुलींसाठी वर गेला आणि बोटांनी तिनं काहीतरी सांगितलं. मला कळलं काय ते. पायऱ्या. चारच्या चार ठोक्यांवर अकरा जणींचा पाय एकदम पडला, लाकडी स्टेज दणाणलं, आणि तिथून शेवटपर्यंत एकही ठोका चुकला नाही. बाई अर्धवट उठलेल्या होत्या त्या हळूच खाली बसल्या.

मी रडत होते. सर एक इअरफोन कानात घालून, उपटलेली केबल हातात धरून बसलेले. त्यांचा पाय मात्र थांबला होता.

कार्यक्रम संपल्यावर सोनल मेकअपसकट धावत बाहेर आली. सर रिक्षा शोधत होते. तिनं त्यांना अडवलं, आणि मला म्हणाली, त्यांना विचार, आज गाणं इतकं हळू का बोलत होतं? कुजबुजत होतं.

मी सरांना सांगितलं. आणि मग एका दमात बाकीचंही सांगितलं, की मी खोटं बोलले, मी बाजू बघितल्या नव्हत्या, बेरीज केली होती. सोनललाही तेच हातांनी सांगितलं. तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही.

सर म्हणाले, "मला पाहुण्यांच्या भाषणातच कळायला हवं होतं. मीही बसून राहिलो." मग म्हणाले, "तिला सांग, एकच बाजू चालू होती."

सोनलनं विचारलं, "कोणती?"

"उण्याची," सर म्हणाले. "ठोका खाली सुरू होत होता. सव्वा महिना वाचलाय मी त्याला, तो वर सुरू होतो. चांगली वायर माझ्या हाताला लागली, ती निघाली. उलटी राहिली. वर्ग केल्यावर काय फरक पडतो?"

आता उण्यासाठी आमच्या घरात वेगळी खूण नव्हती. मी पंजा खाली दाबून दाखवला, कमी असतं तसं. सरांना खुणा येत नाहीत, पण तो दाबलेला पंजा त्यांनी बघितला आणि रिक्षा सोडून परत आले.

"काय सांगितलंस तिला? कमी म्हणालीस?"

"सर, दुसरी खूणच नाहीये."

"नाही नाही, चुकीचं सांगू नकोस." त्यांनी हातातली पिशवी मला धरायला दिली. डावा पंजा छातीसमोर आडवा धरला. हे शून्य. उजव्या हाताचं एक बोट त्याच्यावर वीतभर उंच नेलं. मग तेच बोट पंजाखाली, तेवढंच वीतभर. आणि मग, अगदी गंभीर चेहऱ्यानं, ते बोट आणखी एक पेरभर खाली. तिथे थांबून त्यांनी सोनलकडे बघून मान डोलवली. समजलं ना, एक जास्त.

सोनलनं ते करून बघितलं. दोनदा केलं. मग हसायलाच लागली, इतकी की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. सरांच्या मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता.

ऐकू न येणाऱ्या माणसांत एखाद्याचं नाव अक्षरांनी घेत नाहीत. त्याला एक खूण देतात, आणि तीच त्याचं नाव होते. ती देणं साधी गोष्ट नाही, सोनलनं माझं नाव ठेवायला वर्ष लावलेलं. सरांना ते त्या फुटपाथवर मिळालं. आडवा पंजा, आणि त्याच्याखाली, पेरभर जास्त खाली, एक बोट. म्हणूनच मी इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. आमच्या घरात त्यांचं जे नाव आहे ते लिहिता येत नाही.

त्या संध्याकाळी बिल्डिंगमधल्या चार बायका आमच्याकडे आल्या. आत्याही संमेलनाला आलेली होती, रडून रडून तिचे डोळे सुजलेले. तिनं सगळ्यांना नाच सांगितला, साड्या सांगितल्या, पोरगी कशी उभी राहिली, हलली नाही, बाईंकडे बघितलंसुद्धा नाही, सगळं सांगितलं. मग पदरानं नाक पुसलं आणि सवयीनं म्हणाली, "बाकी सगळं छान हो. एवढं एक उणं."

सोनल चहाचे कप घेऊन चाललेली. थांबली. ट्रे टीपॉयवर ठेवला, आत्याच्या समोर येऊन उभी राहिली, पंजा आडवा धरला, आणि बोट त्याच्याखाली नेलं. मग आणखी एक पेर खाली.

आत्या माझ्याकडे वळली. "काय गं म्हणते ही?"

"काही नाही, आत्या," मी म्हटलं. "सरांचं नाव घेतेय."